उणीव कोठे आहे?



बेळगाव शहरातून खानापूरच्या रस्त्याने निघाले आणि तिसरे रेल्वे गेट मागे टाकले, की उद्यमबागेची वसाहत सुरू होते. नावात बाग असली तरी येथील पीक लोखंडाचे आहे. कोणी फौंड्रीत लोखंड ओततो, कोणी त्या कास्टिंगला लेथवर चढवून घाटदार करतो, कोणी हायड्रॉलिक यंत्रांचे सुटे भाग घडवितो. याच वसाहतीला लागून १९७९ साली सुरू झालेले गोगटे तंत्रमहाविद्यालय आहे. आणखी थोडे पुढे, मच्छे येथे, १९९८ साली स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठाचे मुख्य ठाणे आहे. त्यामुळे बापाच्या हाताला तेलाचा वास आणि मुलाच्या खांद्यावर लॅपटॉपची पिशवी, हे दृश्य या रस्त्यावर रोजचे झाले आहे.

माझ्या धाकट्या बंधूंची अशीच एक लहानशी शेड उद्यमबागेत आहे. दोन लेथ, एक मिलिंग मशीन आणि तीन कामगार, एवढाच पसारा. त्यांचा मुलगा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याने एक बलदंड लॅपटॉप घेतला. ज्यावर भारी व्हिडिओ गेम खेळता येतात, त्या जातीचा. किंमत एक लाख अठरा हजार. निम्मी रक्कम वडिलांनी शिलकीतून दिली आणि उरलेली बारा हप्त्यांत फेडावयाची ठरली. ‘ड्रॉइंगचे सॉफ्टवेअर साध्या लॅपटॉपवर चालत नाही, बाबा,’ असे मुलाने सांगितले होते, आणि ते पुष्कळ अंशी खरेही होते. गेमचा विषय त्या वेळी कोणी काढला नाही.

डिसेंबरातील एका रविवारी संध्याकाळी बंधू आणि पुतण्या दोघेही माझ्याकडे आले. चहा झाल्यावर बंधू म्हणाले, “दादा, आता तूच याला सांग. चार हप्ते फिटले, आठ बाकी आहेत, आणि साहेब म्हणतात की यंत्र कमी पडते. आणखी एकवीस हजार हवेत.”

पुतण्या मान खाली घालून बसला होता, पण त्याची तयारी पक्की होती. “काका, सोळा जीबी मेमरी आहे, ती बत्तीस करायची. डिस्क पाचशे बारा जीबीची आहे, तिच्या जोडीला एक टीबीची दुसरी बसवायची. आतमध्ये दोन्हींसाठी जागा मोकळी आहे. कॉलेजात ड्रॉइंग फिरवताना अडखळते, आणि गेममध्ये...” येथे तो थांबला. मग धीर करून म्हणाला, “गेममध्येही मधूनच चित्र गोठते. माझ्या मित्राच्या लॅपटॉपला बत्तीस आहे, त्याचे गोठत नाही.”

वाचकांपैकी अनेकांच्या घरी हा प्रसंग कोणत्या ना कोणत्या रूपाने घडला असेल, म्हणून तो जरा विस्ताराने सांगतो. मुलाचा हट्ट म्हणून उडवून लावणे सोपे होते. पैसे देऊन मोकळे होणे त्याहून सोपे होते. परंतु एकवीस हजार रुपये ही शेडच्या दृष्टीने लहान रक्कम नव्हे. मोठ्या लेथचा थ्री-जॉ चक झिजला होता. त्यात धरलेला जॉब सरळ मध्यावर फिरत नसे, आणि महिन्याला काही नग माप चुकून परत येत. नवा चक घ्यावयाचा तर साधारण तितकाच खर्च होता. म्हणजे प्रश्न ‘लॅपटॉप की काही नाही’ असा नव्हता. तो ‘लॅपटॉप की चक’ असा होता, आणि हे मुलाला कोणी सांगितले नव्हते.

मी बंधूंना विचारले, “चक झिजला हे तुला कसे कळले?”

“डायल लावून पाहिला ना,” ते म्हणाले. “काटा केवढा हलतो ते डोळ्यांनी दिसते.”

“मग याच्या लॅपटॉपला डायल लावून कोणी पाहिला आहे काय?”

दोघेही माझ्याकडे पाहू लागले. सगळ्या चर्चेची किल्ली येथे होती असे मला वाटते. यंत्र मंद वाटते, हा एक अनुभव आहे. त्याचे कारण अमुक भागाची उणीव आहे, हा निष्कर्ष आहे. या दोहोंच्या मध्ये मोजमाप नसेल तर खर्च अंधारात होतो.

आता ज्यांना या यंत्राच्या अंतर्भागाची ओळख नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. शेडचेच उदाहरण घेऊ. लॅपटॉपमधील डिस्क म्हणजे गोदाम. माल तेथे कायमचा पडून राहतो. मेमरी म्हणजे कारागिरासमोरचे टेबल. चालू कामाचे सामान तेवढे तेथे मांडलेले असते आणि वीज जाताच टेबल रिकामे होते. प्रोसेसर हा मुख्य कारागीर. ग्राफिक्सचा भाग म्हणजे एकाच तऱ्हेचे लहान काम हजारो हातांनी एका वेळी करणारी टोळी. पडद्यावरील चित्र ही टोळी रंगविते आणि तिला तिचे स्वतःचे निराळे टेबल असते. गोदाम मोठे केल्याने कारागिराचा हात जलद चालत नाही. टेबल मोठे केल्याचा लाभ तेव्हाच, जेव्हा जुन्या टेबलावर सामान मावत नसेल. आणि टोळीचे टेबल अपुरे असेल तर मुख्य कारागिराचे टेबल वाढवून तिची अडचण दूर होत नाही.

बंधूंनी हे ऐकताच आपल्या पहिल्या लेथची गोष्ट सांगितली. तरुणपणी त्यांनी जुन्या लेथवर हौसेने मोठी मोटर बसविली होती. खोल काप घेऊ लागताच सारे यंत्र थरथरू लागले आणि जॉबवर लाटा उठल्या. “मोटर मोठी बसवली म्हणून बेड जाड होत नाही रे,” ते मुलाला म्हणाले. मुलगा हसला, आणि खोलीतील ताण थोडा सैल झाला.

ठरले असे, की आठ दिवस मोजमाप करावयाचे. त्याला नवे साधन विकत घ्यावे लागत नाही. विंडोजमध्ये ‘टास्क मॅनेजर’ नावाची एक खिडकी असते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की ती उघडते. मेमरी किती व्यापली आहे, डिस्क किती धावते आहे, ग्राफिक्सची स्वतःची मेमरी किती भरली आहे, हे सारे तीत आकड्यांनी दिसते. पुतण्याने एक वही केली. काम कोणते, स्थळ कोणते, चार्जर लावलेला की नाही, आणि अडखळले त्या क्षणी आकडे काय होते, असे चार रकाने आखले.

पुढच्या रविवारी वही घेऊन तो एकटाच आला. त्यातील नोंदी मोठ्या बोधप्रद होत्या.

कॉलेजातील मंदपणाचे कारण मेमरी नव्हती. अडखळले त्या वेळी सोळांपैकी अकरा-बारा जीबीच व्यापलेले होते. खरे कारण तिसऱ्या रकान्यात निघाले. या जातीच्या लॅपटॉपचा चार्जर विटेएवढा आणि वजनाला पाऊण किलोच्या आसपास असतो. पुतण्या तो घरीच ठेवून जाई. असा लॅपटॉप पूर्ण जोराने चालला तर त्याला दोनशे वॅटच्या आसपास वीज लागते, आणि तेवढी वीज बॅटरी एका वेळी देऊ शकत नाही. म्हणून केवळ बॅटरीवर असताना यंत्र स्वतःहून आपला वेग आवरते. चार्जर लावून तेच ड्रॉइंग फिरविले तेव्हा ते सुरळीत फिरले. एकवीस हजारांचा खर्च करूनही ही अडचण जशीच्या तशी राहिली असती.

गेममधील गोठण्याचे कारण दुसरे निघाले. ग्राफिक्सची स्वतःची मेमरी आठ जीबी आहे, आणि चित्रांचा तपशील सर्वांत वरच्या पायरीवर ठेवल्याने ती काठोकाठ भरत होती. ही मेमरी ग्राफिक्सच्या चिपशेजारी डाक लावून पक्की बसविलेली असते. बाजारातून आणून ती वाढविता येत नाही. तपशील एक पायरी खाली आणताच गोठणे थांबले. “फरक दिसतो का?” मी विचारले. “शोधला तर दिसतो,” तो प्रामाणिकपणे म्हणाला.

मेमरी खरोखर भरण्याचा प्रसंग आठ दिवसांत एकदाच आला. गेम, तीस उघडी पाने आणि मित्रांशी चाललेल्या गप्पांचे सॉफ्टवेअर, ही सारी मंडळी एकाच वेळी टेबलावर बसली होती तेव्हा.

डिस्कची तक्रार मात्र खरी होती. पाचशे बारा जीबीची डिस्क विंडोजमध्ये चारशे शहात्तर दिसते. कारखानदार हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज एक हजार चोवीसच्या पटीत. त्यात आजकालच्या गेमचे आकारमान अफाट. ‘बॉल्डर्स गेट ३’ हा एकच गेम दीडशे जीबी जागा मागतो. पुतण्याजवळ असे तीन-चार होते. त्याहून गंभीर गोष्ट अशी, की तीन वर्षांची सारी ड्रॉइंगे आणि वडिलांच्या शेडसाठी त्याने काढलेली जॉबची चित्रे यांची एकमेव प्रत त्याच डिस्कवर होती. ती डिस्क बिघडली असती तर लाख रुपयांच्या लॅपटॉपपेक्षा मोठे नुकसान झाले असते. ‘आणखी जागा हवी’ असे तो म्हणत होता. वास्तविक त्याला हवी होती ती दुसरी प्रत.

येथे पुतण्याच्या बाजूनेही बोलले पाहिजे, नाहीतर हा लेख एकतर्फी होईल. त्याचा एक मुद्दा वजनदार होता. “काका, मेमरीचे भाव चढत आहेत. ऑगस्टमध्ये जी पट्टी साडेचार हजारांना होती, ती आता साडेतेरा हजारांना सांगतात. आज नाही घेतली तर उद्या आणखी महाग होईल.”

भाव चढले होते हे खरे. २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रचंड संगणक-केंद्रे जगभर उभी राहू लागली आणि त्यांना मेमरीची अतोनात गरज भासू लागली. या चिप घडविणारे मोठे कारखानदार मोजकेच, मुख्यतः सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. त्यांनी आपले बळ त्या अधिक नफ्याच्या मालाकडे वळविले. त्याच डिसेंबरात मायक्रॉनने सामान्य ग्राहकांसाठी असलेला आपला ‘क्रुशिअल’ नावाचा व्यवसाय बंद करण्याचे जाहीर केले. अमेरिकेत कोठे तरी संगणकांची कोठारे उभी राहतात आणि त्याची झळ टिळकवाडीतील दुकानाच्या काउंटरवर बेळगावच्या विद्यार्थ्याला लागते, असे हे जग परस्परांत गुंतलेले आहे.

परंतु जी वस्तू लागत नाही ती महाग होणार म्हणून आज घेणे, हा व्यापाऱ्याचा हिशेब झाला, गृहस्थाचा नव्हे. आणि व्यापाऱ्यालाही हे ठाऊक असते, की चढलेला भाव एखादे दिवशी उतरतोही.

दुसरा मुद्दाही विचारात घेण्याजोगा होता. त्याच्या लॅपटॉपमध्ये सोळा जीबीची एकच पट्टी आहे आणि दुसरी जागा रिकामी आहे. दोन पट्ट्या बसविल्या म्हणजे प्रोसेसर व मेमरी यांच्यामधील वाट दुप्पट रुंद होते. त्यामुळे काही गेममध्ये चित्रांची गती जाणवेल इतकी वाढते, काहींत फरक नाममात्र पडतो. हा लाभ खोटा नव्हे. प्रश्न एवढाच, की त्या लाभासाठी साडेतेरा हजार मोजण्याची वेळ आज आली आहे काय.

या विषयात आणखी एक सावधगिरीची गोष्ट आहे. ‘पुढे वाढविता येईल’ या आश्वासनावर वस्तू घेताना ते आश्वासन कोणत्या भागाविषयी आहे हे नीट पाहावे. २०१९ साली डेल कंपनीने ‘एलियनवेअर एरिया-५१एम’ नावाचा लॅपटॉप बाजारात आणला. त्यातील प्रोसेसर आणि ग्राफिक्सही बदलता येतील, असा त्याचा गाजावाजा झाला होता. पुढच्या पिढीचे भाग त्यात बसत नाहीत, अशी तक्रार घेऊन २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयात एका ग्राहकाने दावा दाखल केला. बहुतेक लॅपटॉपमध्ये पुढे बदलता येणारे भाग दोनच असतात, मेमरी आणि डिस्क. काही सडपातळ लॅपटॉपमध्ये मेमरीही डाक लावून पक्की केलेली असते. म्हणून अशा लॅपटॉपच्या बाबतीत नियम उलटा आहे. तेथे खरेदीच्या दिवशीच पुरेशी मेमरी घ्यावी, कारण पश्चात्तापाला जागा नसते.

वाचक म्हणतील, तर मग कधीच काही वाढवू नये काय? तसे मुळीच नाही. ज्याच्याकडे आठच जीबी आहे आणि ड्रॉइंग उघडताच सारे ठप्प होते, त्याने मेमरी अवश्य वाढवावी. मोठमोठ्या जोडण्यांची चित्रे, भाराचे पृथक्करण किंवा चित्रफितींचे संपादन ज्याचा रोजचा उद्योग आहे, त्याला बत्तीस जीबी ही चैन नव्हे. कसोटी एकच. नेहमीच्या कामात मेमरी सतत नऊ-दशांशाहून अधिक भरलेली असते काय, आणि त्याच वेळी डिस्क सारखी धावत असते काय? उत्तर होय असेल तर टेबल अपुरे आहे. झाकण उघडण्यापूर्वी मात्र वॉरंटीचे नियम कंपनीच्या अधिकृत केंद्रात विचारून घ्यावेत. ते कंपनीगणिक वेगळे असतात. बॅटरीची जोडणी सोडविल्याशिवाय आतील कशालाही हात लावू नये.

उद्यमबागेसारख्या ठिकाणी राहणाऱ्यांसाठी एक खास सूचना. ओतीव लोखंड कापताना त्याची लांब सळ निघत नाही. बारीक भुकटी उडते. ती वीज वाहून नेते. लॅपटॉपचे पंखे हवेबरोबर ती आत ओढून घेतात आणि नाजूक जोडण्यांवर बसवितात. पुतण्या मधूनमधून लॅपटॉप शेडमध्ये नेऊन लेथशेजारी उघडीत असे. शेडमधील हवेचा पाइप घेऊन त्याने एकदा पंखेही साफ केले होते. ही दुहेरी चूक होती. कॉम्प्रेसरच्या हवेत पाण्याचा आणि तेलाचा अंश असतो, आणि तिच्या जोराने पंखा भलत्याच वेगाने फिरून खराब होतो. या एका सवयीने लॅपटॉपचे आयुष्य जेवढे घटले असते, तेवढे कोणत्याही नव्या पट्टीने वाढले नसते.

हे सारे पुतण्याला पटले. पण पटणे आणि मन मानणे यांत अंतर असते. तो बराच वेळ वही चाळीत बसला. शेवटी म्हणाला, “काका, खरे सांगू? मित्राचा लॅपटॉप पाहिला नसता, तर माझा कमी आहे असे मला वाटलेच नसते.”

मी त्याला हसलो नाही. १९९९ साली मीही घरी संगणक घेतला होता. त्याला चौसष्ट एमबी मेमरी होती. शेजारच्या गृहस्थांकडे एकशे अठ्ठावीस आहे असे कळताच मी अस्वस्थ झालो आणि महिन्याच्या आत तेवढी करून घेतली. त्या संगणकावर मी पत्रे लिहीत असे, आणि पत्रे पूर्वीइतक्याच वेगाने लिहिली जात होती. गॉर्डन मूर यांनी १९६५ साली भाकीत केले होते, की एका चिपवर मावणाऱ्या घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होत जाईल. १९७५ साली त्यांनी ती मुदत दोन वर्षांची केली. ज्या विद्येची चाल अशी, तीत आज घेतलेली वस्तू लवकरच कोणाच्या तरी वस्तूहून कमी ठरणारच. त्या शर्यतीत धावावयाचे ठरविले तर पगार, शिलकी आणि हप्ते, सारेच अपुरे पडतील.

मग मी त्याला चकविषयी सांगितले. तो चकित झाला. “बाबा मला बोलले नाहीत,” एवढेच तो म्हणाला. हा दोष मुलाचा नव्हता, हेही येथे नमूद केले पाहिजे. आपण वडीलधारी माणसे घरातील पैशाचा ओढा मुलांपासून लपवितो, आणि मग मुलांना परिस्थितीची जाण नाही म्हणून रागावतो. ज्याला घराचा हिशेब दाखविलाच नाही, त्याने तो जुळवावा अशी अपेक्षा कशी करावी? त्या रात्री बंधूंनी शेडची हिशेबाची वही मुलापुढे उघडली, असे मला मागाहून कळले.

निर्णय असा झाला. मेमरी आज वाढवावयाची नाही. दोन जुने गेम काढून डिस्कवर जागा केली. एक साधी बाहेरची हार्ड डिस्क घेतली, आणि दर शनिवारी रात्री तीवर ड्रॉइंगांची दुसरी प्रत उतरवावयाची ठरली. चार्जरसाठी जरा मोठी पिशवी आली. लॅपटॉप शेडच्या आत नेणे बंद झाले. वडीलच आता जॉब घेऊन बाहेरच्या खोलीत येतात. जानेवारीत लेथला नवा चक बसला. त्याला डायल लावण्याचे काम मुलानेच केले, आणि काटा जवळजवळ स्थिर राहिला.

पुतण्या पूर्ण समाधानी आहे असे मी म्हणणार नाही. बत्तीस जीबीची इच्छा त्याने सोडलेली नाही. चौथ्या वर्षी प्रकल्प सुरू झाला की पुन्हा आठ दिवस वही ठेवावयाची, आणि आकडे भरून वाहू लागले तर मेमरी घ्यावयाची, असा करार पितापुत्रांत झाला आहे. त्या वेळी आकडे त्याच्या बाजूने निघाले, तर त्याच्या वतीने बंधूंकडे शब्द टाकावयास मी स्वतः जाईन. तसे मी त्याला वचन दिले आहे.